तालीम चालू आहे

ता. ६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा विदूषक धडधाकट आहे. सिनेमाचं शूटिंग काल संपलं. जन्मभर लोकांना हसवलं आणि वाट्याला आला नैराश्यानं अंथरूण धरलेला माणूस! पहिल्या दिवशी मी पलंगावर नुसता बसलो, तर अख्खं युनिट खिदळलं. मग दिग्दर्शकानं सगळ्यांना पाठ करून उभं केलं आणि मला बजावलं, की भुवईसुद्धा हलवायची नाही, काहीच करायचं नाही. काही न करण्यात मी शाळेपासून पटाईत, हे तू जाणतेसच.

काल मात्र गंमत झाली. कट म्हटल्यावर मला उठताच येईना. लोक टाळ्या वाजवत राहिले आणि मी बसून राहिलो. खरं सांगू, घाबरलो. असो. माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. १९ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

इकडे ह्यांची तालीम जोरात आहे. आमच्या घरचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. तालीम असली की दार लोटायचं, आत कुणी जायचं नाही. तोतऱ्याची भूमिका होती तेव्हा भाजीवाल्याशीही तोतरंच बोलत होते! आता सकाळी एक मोजा हातात धरून पलंगाच्या कडेला बसतात, दुपारी डोकावलं तरी मोजा हातातच. ताट तसंच परत येतं. इतकं हुबेहूब, की माझ्या अंगावर काटा आला. धाकटी रडत होती, बाबा बोलत नाहीत म्हणून. शूटिंग संपलं की बोलतील, अशी समजूत घातली.

लोभ आहेच, तो वाढो.

तुमची बयो

ता. २२ जून

चि. सौ. बयोस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ताच वाचलं. अगं, शूटिंग कधीच संपलंय. त्यानंच मला कळवलं होतं. ही तालीम नाही.

लगेच फोन केला, तर त्यानं गाढवाचा आवाज काढला. मी मूर्खासारखी हसले आणि त्यानं ठेवून दिला. आता कुणीच उचलत नाही. माझ्या सासूबाई अंथरुणावर, मला निघता येत नाही. म्हणून हे पत्र ह्यांच्या हाती पाठवतेय. वाचलंस की आधी आत जा. त्याच्याजवळ बस, एकटं सोडू नकोस. डॉक्टरांकडे हे सोबत येतील. मला फार भीती वाटतेय गं.

ताई

ता. २४ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं तशी आत धावले. डॉक्टरांनी ह्यांना ठेवून घेतलंय. वेळेवर आणलंत म्हणाले, पण पुढचं काही सांगत नाहीत. भाऊजी त्यांच्याजवळ आहेत.

मी किती जपायचे हो! त्यांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून चवड्यांवर चालायचे, मुलींनाही तसंच शिकवलं. गाडीत बसल्यावर हे पहिल्यांदा बोलले. म्हणाले, तुमची पावलं रोज दाराशी यायची आणि परत फिरायची. हाक मारायला तोंड उघडत नव्हतं. तुम्ही इतकं हळू चालायचात, की मला वाटलं, आतला माणूस गेला असंच तुम्ही धरलंय.

जमेल तशा या. आम्हाला तुम्ही हव्या आहात.

बयो