बाबांची हाक

९ सप्टेंबर

झालं एकदाचं! बाबांच्या भंगाराच्या गाडीवरचा भोंगा मी आज सुधारला. "जुने फ्रिज, वॉशिंग मशीन, बॅटऱ्या, रेडिएटर, भंगाऽऽर!" आणि मधेच एक खोकला — हा ओरडा जॉर्डनमधल्या आमच्या झर्का शहराच्या गल्ल्यांतून किती वर्षं चाललाय. लोक आजारी असतात, बाळं झोपलेली असतात. शिवाय घरात अरबीची पदवीधर मुलगी असताना! पेनड्राइव्हवरचं जुनं पुसलं आणि माझ्या आवाजात शांतपणे भरलं — "सन्माननीय रहिवासीहो, आपल्याकडील निरुपयोगी धातूच्या वस्तू आम्ही योग्य मूल्य देऊन स्वीकारतो."

बाबांनी ऐकलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांना बोलता येत नाही. तेव्हा शाबासकी तेवढीच.

१० सप्टेंबर

गल्ली हसतेय. समोरच्या उम्म रकान गॅलरीतून ओरडल्या, "अगं रुदैना, मला वाटलं बातम्या लागल्या! गॅस महागला की काय म्हणून टीव्हीपाशी धावले!"

गाडी जवळजवळ रिकामी परतली. एक सायलेन्सर, एक फुटका गीझर.

११ सप्टेंबर

आई जेवली नाही. विचारलं तर "काही नाही." मग भांडी घासताना, पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाली, "घरात यांचा एक शब्द नाही. संध्याकाळी गाडी वळणावर आली की तेवढे ऐकू यायचे. तेही पुसलंस."

मला तो भोंगा वाटायचा. बाबांचा आवाज आहे, हे डोक्यातच आलं नाही! बाबांचा फोन बटणांचा, त्यात काही राहत नाही. माझ्या फोनमध्ये त्यांचे नुसते फोटो. चार वर्षं भाषा शिकले मी.

१२ सप्टेंबर

बाबांची माफी मागितली. ते हसले, हात गोल फिरवून रस्त्याकडे दाखवलं. मला कळेना. आईने सांगितलं, "बाकीच्या गाड्यांनी यांचीच हाक उतरवून घेतली होती. आळशी मेले! आता कुणाकडे उरली असली तर."

खोकला असेल, तर ती बाबांचीच.

२० सप्टेंबर

भंगाराच्या गाड्यांमागे धावतेय. आज एकाने विचारलं, "काय विकायचंय, ताई?"

"काही नाही. तुमचा भोंगा पूर्ण ऐकायचाय."

"वा! मग खुर्ची टाकू? चहा सांगू?"

खोकला नव्हता.

२ ऑक्टोबर

नाही.

५ ऑक्टोबर

मिळाली! शेजारच्या रुसैफा गावात, चढावर. आधी खोकलाच ऐकू आला. चप्पल हातात घेऊन धावले. गाडीवाला अबू गालिब, पांढऱ्या मिशांचा. म्हणाला, "खोकला होय? मी समजत होतो पेनड्राइव्ह बिघडलाय. दोनदा आपटलासुद्धा!" मग मी सगळं सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं. एवढंच म्हणाला, "घे पोरी, उतरवून घे."

संध्याकाळी बाबांची गाडी त्यांच्याच आवाजात वळणावर आली. आईने नळ सोडला आणि चेहरा धुवत राहिली. माझ्या 'सन्माननीय रहिवासीहो'चा पेनड्राइव्ह मी फेकायला निघाले, तर बाबांनी काढून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

२९ ऑक्टोबर

बाबांना पुन्हा इस्पितळात नेलं. गाडी दाराशी उभी.

३ नोव्हेंबर

घर फार शांत. आईला बरं वाटेल म्हणून संध्याकाळी फोनवर ती हाक लावली. पिठाच्या हातांनी धावत आली, थेट जिन्यापर्यंत. खाली गाडी जशीच्या तशी उभी. वर येऊन म्हणाली, "बंद कर! घरातल्या घरात हाक मारतं का कुणी? हाक बाहेरून यावी लागते."

चांगलं करायला जाते आणि तिलाच दुखवते. कधी शिकणार मी?

२१ डिसेंबर

बाबा गेले त्याचा काल चाळिसावा दिवस झाला. आज आईने गाडी विकली. अबू गालिब मुलासाठी घेऊन गेला. किमतीवर ती एक शब्द बोलली नाही. अट मात्र घातली — रोज संध्याकाळी आमच्या गल्लीतून जायचं, आणि हाक बदलायची नाही.