भागीबाईंकडचा लाल दिवा

४ ऑक्टोबर १९९९
बसवला एकदाचा! शेजारच्या भागीबाईंच्या स्वयंपाकघरात मोकळी भिंत देव्हाऱ्यावरच तेवढी होती – तिथेच ठोकला. विजेचा वापर फार वाढला की माझा लाल दिवा लागतो. माणसाने तो पाहावा, उठावं, काहीतरी बंद करावं. बस्स! आयुष्यभर व्यासपीठावरून गरजलो, एक बल्ब विझला नाही.
सातपूरचे कारखानदार किशोरशेठ म्हणाले, "सर, एका घरात वापर उतरवून दाखवा. मग हा दिवा आम्ही बाजारात आणू."
दाखवतोच.

९ ऑक्टोबर
पल्लवी म्हणाली, "अहो, माडीवरचा पंखा कोण विसरलं?"
मीच!

११ ऑक्टोबर
काल घट बसले. आज भागीबाईंकडे गेलो, तर विजेच्या शेगडीची तार लालभडक. वर भांडं नाही, काही नाही!
"भागीबाई, हे काय?"
"दिवा राह्यला पाहिजे ना, सर! वणीच्या आईपुढं नऊ दिस विझू द्यायचा नाय. शेगडी बंद केली का जातो तो."
"अहो, खाली समई आहे की!"
"तिला वारा लागतो. तुमचा लय भरवशाचा."
माझ्या दिव्याला हळदकुंकू! इतकी पुस्तकं वाचली – एकातही देव्हारा नव्हता. तासभर समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकलं, चहा दिला. शेगडी चालूच.

१३ ऑक्टोबर
किशोरशेठ दसऱ्यानंतर मीटर बघणार. वापर वाढलेला दिसला की संपलं सगळं.
पल्लवी म्हणाली, "उलटा करा ना. वापर वाढला की विझेल असा."
"म्हणजे अपशकुनाची भीती विकू? मी?"
"मग भाषणं करा!" – आणि भाजी चिरायला लागली.

१५ ऑक्टोबर
भागीबाई देवळात गेल्या होत्या. किल्ली आमच्याकडेच असते. शेगडी बंद केली, तारा उलट जोडल्या. चोरासारखा बाहेर पडलो.
संध्याकाळी त्या धावत आल्या. "सर! शेगडी बंद, तरी दिवा चालू! आई पावली!"


१६ ऑक्टोबर
पुन्हा आल्या, रडवेल्या. "पाणी तापवाया शेगडी लावली न् दिवा गेला! काय चुकलं असंल हो?"
पल्लवी माझ्याकडे बघत होती.
"आईला शेगडी चालत नसेल," मी म्हणालो.

१८ ऑक्टोबर
भागीबाईंनी शेगडी माळ्यावर टाकली. गल्लीतल्या चौघींनी असाच दिवा मागितला.
उद्या अंधश्रद्धेवर माझं व्याख्यान होतं. प्रकृती बरी नाही, असं कळवलं.
प्रकृती उत्तम आहे.