मलमलचा बोळा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावर चिडायची माझी सवय गेलेली नाही. आज सकाळी पुन्हा तिडीक उठली. पेठ तालुक्यातली एक बाई माझ्याकडे कामाला आहे, चारच महिने झालेत, पण हात चांगला बसलाय तिचा. दुकानात पुण्याची चार-पाच माणसं पेनं बघत उभी होती आणि ती त्यांना कातायच्या लेथवर पेनाला सुपरग्लूचं पॉलिश कसं चढवतात ते दाखवत होती. याला सुती फडकं कधी लावायचं नाय, पेट घेतं, असं तिनं बजावून सांगितलं. त्यातल्या एकीनं विचारलं, हे कळलं कसं तुम्हाला? तर ही म्हणते, "आमच्या ताईंच्या सासऱ्यांचा हात भाजला ना, तवा कळलं. त्याच्या आधी कोणाला ठावं नव्हतं." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. वीसेक वर्षं मी या गोष्टीला मान हलवत आलेय. ती माणसं गेल्यावर मी त्या बिचारीवर ओरडले, घासायचा वॉटर पेपर ओला का ठेवलास म्हणून. वॉटर पेपर ओलाच ठेवायचा असतो. राग तुमचा होता, निघाला तिच्यावर.

नव्वदीतला सिंहस्थ होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी लग्न होऊन पंचवटीतल्या तुमच्या घरात आले. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये जुन्या चादरीचा पडदा. तुम्ही लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे दांडे कातायचात. तुमचा मुलगा सातपूरला कंपनीत शिफ्टला जायचा आणि लाकडाला बोट लावायचा नाही. मी दिंडोरीकडची, बोलताना 'लय' आणि 'नाय' यायचं, ते पहिल्या महिन्यातच सासूबाईंनी घासून काढलं. मग दुपारी भांडी झाली की मी पडद्यातून तुमचं काम बघत उभी राहायची. तुम्ही एक दिवस काही न बोलता घासकागद पुढे केलात. पुढच्या वर्षी पटाशी हातात दिलीत. माझ्या हाताला तुमच्या पटाशीची मूठ जाड होते हे मी कधी बोलले नव्हते. एका सकाळी पिठाच्या डब्यावर एक नवी तिरकी पटाशी ठेवलेली दिसली, मूठ माझ्या लाटण्याच्या मापाची. मी विचारलं, ही माझी का? तुम्ही म्हणालात, डबा सरकव, पीठ सांडेल. एवढंच. तुमचं चांगलं वागणंसुद्धा असं, की त्याचे आभार मानायला जागा ठेवायची नाही. याचाही राग येतो मला, खरं सांगते.

पण खरा राग त्या खाकरण्याचा आहे. गिऱ्हाईक पायरीवर आलं की तुम्ही खाकरायचात. तुम्ही खाकरलात की मी लेथवरून उठून पडद्यामागे जायचं, असा आपल्या घरात कायदाच होता. तुम्ही तो कधी तोंडानं सांगितला नाहीत, मी आपोआप शिकले. लेथ अजून फिरत असायचा, तुम्ही माझ्या स्टुलावर बसायचात, मी अर्धवट सोडलेल्या कामाला पटाशी टेकवायचात, आणि आलेला माणूस म्हणायचा, वा, काय हात आहे! मी आत भाजी चिरत ऐकायची. सून लेथवर बसलेली दिसली तर लोक काय म्हणतील, ही तुमची भीती मला कळत होती. पण लोकांनी काही म्हणायच्या आधीच तुम्ही मला सात वर्षं आत ढकललंत, अण्णा. हे लोकांनी केलं नाही, तुम्ही केलंत.

पेनांचं खूळ माझं. माझ्या वडिलांनी जुनी द्राक्षबाग काढली आणि वेलांची खोडं चुलीसाठी रचून ठेवली होती. वेडीवाकडी, पिळलेली, भेगा पडलेली. मी त्यातली पोतंभर घेऊन आले. तुम्ही हसलात, म्हणालात, माहेराहून बायका पापड आणतात. पण लाकूड कातल्यावर आतले रंग बघून पुढचं खोड तुम्हीच लेथवर चढवलंत. पेनाची पितळी नळी, निब, क्लिप हे सगळं मुंबईहून यायचं, आपण त्यावर लाकूड बसवायचो. वर पॉलिश तुमचं, लाखेचं. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, ती गरम होऊन चढायची, मग जुन्या धोतराच्या मलमलचा बोळा तेलात बुडवून त्यावर दाबायचा. दिसायला देखणं. पण वैशाखात एक वकील पेन परत घेऊन आले, खिशात घामानं लाख चिकट झाली होती, सदऱ्याला डाग पडला होता. तुम्ही त्यांनाच सुनावलंत, पेन असं खिशात कोंबतात का. ते पेन मी आत नेऊन बघितलं. सगळीकडची लाख मेली होती, फक्त एका जागी लाकूड काचेसारखं चमकत होतं. तिथं भेग होती आणि मी ती लाकडाचा भुसा आणि सुपरग्लूचा थेंब घालून बुजवली होती.

मग मी तो नाद घेतला. ग्लू सगळीकडेच का लावू नये? पहिली दहा-बारा पेनं वाया गेली. श्रावणातल्या दमट हवेत पॉलिशवर पांढरा ढग धरायचा, जाड थर दिला तर सुरकुती पडायची, एकदा पेन लेथच्या दांड्यालाच चिकटून बसलं. आणि एका दुपारी मी ब्लाउजपीसच्या सुती तुकड्यावर ग्लू जरा जास्त ओतला, तर त्यातून धूर निघाला आणि माझं तर्जनीचं टोक भाजलं. तेव्हा मला समजलं, की कापूस आणि हा ग्लू यांचं जमत नाही, आपोआप तापून पेटतं. सासूबाईंना सांगितलं, तव्याचा चटका बसला. त्यांनी तूप लावलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही ती बाटलीच उकिरड्यावर फेकली असतीत. त्यानंतर मी हॉटेलातले कागदी रुमाल वापरायला लागले, बोटावर दुधाच्या पिशवीचा तुकडा, कारण त्याला ग्लू चिकटत नाही. जवसाच्या तेलाचा हात, मग ग्लूचा पातळ थर, थांबायचं, पुन्हा थर, असे दहा. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून खरखरीतपासून मऊपर्यंत. शेवटी पितळेची भांडी चमकवायचं पॉलिश. ते पेन मी पाण्याच्या तांब्यात आख्खा दिवस बुडवून ठेवलं आणि काढून तुमच्या हातात दिलं. तुम्ही उजव्या हाताच्या बोटांनी ते टोकापासून टोकापर्यंत चाचपलंत. तुमचे डोळे कधी लाकूड बघायचेच नाहीत, बोटंच बघायची. आणि म्हणालात, "बाटली उघडली आणि फासलं. यात हात कुठे आहे?"

हात कुठे आहे! सहा महिने घातले होते मी त्यात. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली आणि मी पोळ्या लाटायला बसले, दुसरं काय करणार होते.

पुढचा सिंहस्थ होऊन गेला, त्याच्या नंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. दिंडोरीकडे वाइनच्या कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या. त्यातल्या एकीचे साहेब आले, त्यांना पाहुण्यांना द्यायला वेलाच्या लाकडाची पेनं हवी होती, भरपूर. तुम्ही खाकरलात, मी आत. चहा घेऊन मी बाहेर आले, तेव्हा साहेब माझं पेन उजेडात फिरवत होते. म्हणाले, हे काचेसारखं पॉलिश मी कुठे पाहिलेलं नाही, कोणाचं काम? मी ट्रे धरून उभी. तुमच्यापासून दोन हातांवर. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. म्हणालात, माझंच, चाळीस वर्षांचा हात आहे. ज्या कामात हात नाही म्हणून मला हिणवलंत, त्यात तुमचा चाळीस वर्षांचा हात! साहेब म्हणाले, करून दाखवता का? आणि तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत.

आता ते सगळं मला डोळ्यांपुढे दिसतं. तुम्ही स्टुलावर बसता. पेनाचा तुकडा लेथवर चढवता, चालू करता. माझी बाटली उघडता. मला काम करताना तुम्ही लांबून बघितलं होतंत, जवळ येऊन कधी विचारलं नव्हतंत, विचारायला कमीपणा वाटत होता. म्हणून तो कागदी रुमाल तुमच्या लक्षात येत नाही. तुमचा हात सवयीनं फळीवर जातो आणि मलमलचा बोळा उचलतो. तुम्ही त्यावर ग्लू ओतता, लाखेच्या हिशोबानं, सढळ. बोळा लाकडावर दाबता. मग पांढरा धूर, डोळे चुरचुरवणारा, आणि तुम्ही हात झटकता, पण बोळा बोटांना चिकटलेला, सुटत नाही, आतल्या आत तापतोय. तुम्ही ओरडला नाहीत. साहेबच ओरडले. मी ट्रे टाकला, माठातलं पाणी ओतलं, तुमचा हात धरून बसले. दवाखान्यात कापड कातडीसकट निघालं.

जखम भरली, पण अंगठा आणि दोन बोटं वरून गुळगुळीत आणि आतून बधिर राहिली. तुम्ही लाकडावरून हात फिरवायचात आणि तुम्हाला काही कळायचं नाही. उंबरठ्यावर बसून एक लाटणं किती वेळ चाचपत होतात, ते मी पडद्यातून बघितलंय. त्यानंतर तुम्ही लेथवर बसला नाहीत.

दहाव्या दिवशी मी तुमची पट्टी बदलून वरणभात कालवून देत होते. सासूबाईंना ती जखम बघवत नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडे होतं. तुम्ही बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होतात, तर्जनीवर तो जुना डाग होता. मग विचारलंत, "सूनबाई, सुती कापडानं ते पेटतं, हे तुला आधी ठाऊक होतं का गं?"

"नाही, अण्णा."

"मग झालं," तुम्ही म्हणालात आणि डाव्या हातानं चमचा उचललात.

दुसऱ्या दिवशी साहेब चौकशीला आले. मी लेथवर होते, ऑर्डरचं काम थोडंथोडं करत होते. तुम्ही खाकरलात. मी उठले. तुम्ही म्हणालात, बस, तो खोकला होता. आणि साहेबांना सांगितलंत, हे काम पहिल्यापासून हिचं आहे, त्या दिवशी मी थाप मारली. संध्याकाळी तुमच्या मुलाकडून पडदा काढून घेतलात. सासूबाईंनी त्याची पायपुसणी केली.

आणि याच गोष्टीनं मी अजून जळते, अण्णा. सात वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडण तयार करत होते, एक एक वाक्य घोटून ठेवलं होतं, आणि तुम्ही चार माणसांत खरं बोलून मोकळे झालात. खरं बोलायचा मानसुद्धा तुम्हीच आधी घेतलात. मला काय ठेवलंत? माझं काम माझ्या नावावर झालं, दुकानावर आज माझी पाटी आहे, लोक लांबून येतात, आणि ते सगळं ज्या दिवशी मला मिळालं, त्या दिवसाबद्दल मी तोंड उघडू शकत नाही. तुम्ही मला दोन शिव्या घालायला हव्या होत्या. माझ्या बोटावरचा डाग धरून विचारायला हवं होतं, हा तव्याचा आहे का, खरं बोल. तुम्ही 'मग झालं' म्हणालात. कोणी सांगितलं होतं तुम्हाला असा विश्वास ठेवायला? की ठेवलाच नव्हतात आणि मला सोडून दिलंत? हे न सांगता तुम्ही मरून गेलात, याला काय म्हणायचं!

हे पत्र मी माझ्याच पेनानं लिहितेय, द्राक्षाच्या खोडाचं, अजून चमक गेलेली नाही. लिहून झालं की कागदाचे तुकडे करीन, ते उद्या लेथखालच्या भुशाबरोबर जातील, कारण हे वाचायला तुम्ही नाही आणि इतर कोणी वाचलेलं मला चालणार नाही. त्या पेठच्या बाईला उद्या खरं सांगेन की पुन्हा मान हलवेन, तेही मला माहीत नाही.

तुमचा हात बोळ्याकडे गेला, तेव्हा मी बघत होते. बोळा उचललात, ग्लू ओतलात, लाकडापर्यंत नेलात, एवढा वेळ होता. 'अण्णा, कागद' एवढंच म्हणायचं होतं. मला वाटलं, जरा चटका बसू दे. आणि मी ट्रे घट्ट धरून उभी राहिले.