बाबांची मतदार चिठ्ठी

९ मे
हो, लपवली! काय करायचंय ते कर. कागदच तर आहेस.

मतदार चिठ्ठी. बाबांची. परवा शाळेतल्या बाई घरोघर वाटत आल्या, माझ्याच हातात दिली. 'बाबांना सांग हं, मतदानाची खोली तळमजल्यावरच घेतलीय, त्यांच्या गुडघ्यांसाठी.' नाव, क्रमांक, सगळं छापलेलं. तुझ्या पहिल्या पानात घातली. बाबांना म्हटलं, तुमची आलीच नाही.

बाबांच्या लाडक्या साहेबांना एक मत कमी. साहेबांनी आमचं मासिक बंद पाडलं, आमच्या संपादकाला, झोळीला — खांद्याला कायम झोळी, म्हणून झोळी — आठ महिने आत टाकलं. मी एक चिठ्ठी लपवली. फिट्टंफाट!

११ मे, मतदान
बाबा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. 'बघून ये गं, नाव आहे का. मग मला ने.'

कोपऱ्यावर जाऊन एक सिगरेट ओढली, परत आले. 'कापलंय, बाबा.'

बाबा उठले. शर्ट काढून हँगरला लावला. बटणं लावत बसले — वरपासून खालपर्यंत, सगळी.

१४ मे
साहेब पडले! पडले पडले पडले!

रस्त्यात नाचलो. झोळी गळ्यात पडून रडला — 'आता श्वास घेता येईल गं.' मीही रडले. खोटं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा फोनवर नीट मोठ्यानं बोलले. थोडी भीतीही वाटली. आपले लोक फारच जोरात हसत होते.

घरी बाबा रेडिओ बंद करून बसलेले. 'साहेब हरले त्याचं काही नाही. पण मी हरणाऱ्यांतही नाही गं. मी कुठेच नाही.'

वाक्य चांगलंय. चोरलं. कथेत घालीन.

१५ मे
झोप मस्त लागली.

२० मे
बाबांनी तक्रार केली! गुडघे धरत स्वतः गेले. तीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासणारा माणूस. माप खोटं निघालं म्हणून सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानाला टाळं ठोकलेलं. आई वर्षभर बोलली नव्हती. हा गप्प बसणार होता होय!

नव्या चौकशी समितीनं लगेच उचललं. यादी काढली. नाव आहे. पुढे सही नाही.

बाबा माझ्याकडे वळले. 'तू नीट बघितलंस ना?'

'यादी घेऊन बसलेल्या त्या शाळेतल्या बाईंनीच सांगितलं, बाबा. नाही म्हणाल्या.'

तोंडातून निघून गेलं. निघून गेलं म्हणजे काय — मीच काढलं.

झोळी उड्या मारतोय. 'साहेबांच्या राजवटीनं चोरलेलं मत! तेही तुझ्या बापाचं! लिही!'
'अरे, पण ते साहेबांनाच —'
'ते कोण विचारतंय?'

लिहिलं. झकास झालंय.

२६ मे
बाईंनी समितीला सांगितलं: चिठ्ठी मुलीच्या हातात दिली, मतदानाला ते आलेच नाहीत. झोळी हसला. 'साहेबांची चमची! आता सगळ्या असंच बोलणार.' त्याला आत टाकलं तेव्हा साहेबांची माणसं याच सुरात बोलायची. मीही हसले.

उद्या बाबांचा जबाब. ते बाईंच्या विरुद्ध बोलले की बाईंची नोकरी गेली. शाळेच्या आवारातली खोलीही गेली, त्या तिथेच राहतात.

चिठ्ठी तुझ्या पहिल्या पानात आहे. उठून द्यायचीय फक्त. पण बाबांना काय सांगू? तुमचं मत मीच खाल्लं?

उठले नाही.

२७ मे
जबाब झाला. मी मागच्या बाकावर.

समितीनं बाबांना विचारलं, 'नाव नाही असं कोण म्हणालं? मुलगी?'

'मुलीचा काही संबंध नाही. मी स्वतः गेलो होतो. या बाईंनी मला दारातून परत पाठवलं.'

पण बाबा त्या दिवशी घराबाहेर पडलेच नव्हते!

बाई ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, 'काका, तुम्ही खोटं बोलताय?' खरंच कळत नसल्यासारखं. बाबा चष्मा पुसत राहिले. सही मात्र ठळक केली.

बाई निलंबित. उद्या संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची.

येताना बाबांनी माझा हात धरला. कशासाठी? जिना तर उतरून झाला होता.

२८ मे
चिठ्ठी पहिल्या पानात नाही. परवाच्या पानात आहे. चार घड्या घातलेली, बाबा घालतात तशी.

म्हणजे जबाबाला जाण्याआधीच सगळं वाचून गेले होते.

चावून गिळली. घशात अडकली, वर पाणी प्याले.

आज विजयसभेत माझा लेख वाचायचाय. 'चोरलेलं मत'. बाबा बाहेरच्या खोलीतून विचारताहेत, 'मी येऊ का गं ऐकायला?'

चपला घातल्यात. मागच्या दारानं निघाले.