जुनं सेंत-ओबाँ

मोंरेव्हाल, २० ऑक्टोबर १९७४

प्रिय आर्सेन,

तू आणि घरची मंडळी खुशाल असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतं कोण!

बातमी अशी, की चौकात नळासाठी खणलं आणि सेंत-ओबाँचा पाया सापडला. फ्रेंच क्रांतीत पाडलेलं आपलं चर्च. त्याचे दगड अर्ध्या गावाच्या पायऱ्यांना लागलेत, आपल्याही. चौकातल्या तिसऱ्या झाडाखाली त्याची वेदी होती असं मानून प्रत्येक अंत्ययात्रा थांबायची आणि शवपेटी तिथं क्षणभर टेकवायचे, आठवतं? बाबांचीही टेकवली होती. तर वेदी तिथं नव्हतीच. मुकादम मला म्हणाला, "बाई, तुमचा देव खाटकाच्या दारात होता की! पावणेदोनशे वर्षं भलत्याच जागी हात जोडलेत तुम्ही." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन रडत बसले.

फेब्रुवारीत मी केलेल्या त्या तारेबद्दल तू मला कधीच विचारलं नाहीस. 'आई गेली. गुरुवारी दहा वाजता, सेंत-ओबाँ.' तू चौकात जाऊन थांबलास, त्यात तुझं काय चुकलं? तू गाव सोडलंस तेव्हा सेंत-ओबाँ म्हणजे चौकच. आता नदीपलीकडच्या मठातलं छोटं चर्च तेवढं वापरात उरलंय आणि ते नाव त्याला दिलंय. शववाहिनी थेट पुलावरून जाते. झाडाखाली कुणी थांबत नाही.

पाववाली इव्हेत मला नंतर म्हणाली, "तुझा भाऊ बारापर्यंत पावसात उभा होता गं, टोपी हातात धरून. म्हटलं आत ये, भिजतोयस. तर म्हणे, नको, आई येईलच एवढ्यात."

चूक झाली, असं मी गावभर सांगितलं. ती चूक नव्हती, आर्सेन. पोस्टातल्या मुलीनं विचारलं होतं, "जुनं की नवं? बाहेरगावच्याला कळायचं नाही हो." मी म्हटलं, "त्याला कळेल."

बावीस वर्षं आईला मी न्हाऊ घातलं, भरवलं. आणि शेवटच्या आठवड्यात जिन्यावर पाऊल वाजलं की ती विचारायची, "आर्सेन आला का?" माझं नाव एकदाही घेतलं नाही. तो राग मी तुझ्यावर काढला. पेटी खाली सोडताना मला तुझी आठवण झाली होती. तरी मी कुणाला चौकात पाठवलं नाही.

सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, थडग्यावर ठेवायची शेवंती घेऊन दहा वाजता मी तिसऱ्या झाडाखाली येते. वेदी नसली म्हणून काय झालं, आपली जागा तीच. तू दोन तास थांबलास, मी अंधार पडेपर्यंत थांबेन. आलास तर आईकडे बरोबर जाऊ. नाही आलास तरी तुला बोल लावणार नाही.

तुला पावसात उभं करणारी,
तुझी थोरली बहीण
सोलांज