अप्पांनी परत ढकललेल्या नोटा

प्रिय अप्पा,

आज सकाळी आपलं शेवटचं कर्ज फिटलं. गाळ्यावरच्या शेठजींचं. हे वाक्य लिहून मी थांबले आणि पुन्हा वाचून पाहिलं. बरोबर आहे. आता आपण कुणाचंही काही देणं लागत नाही!

उद्गारचिन्ह मी सहसा वापरत नाही, तुम्हाला माहीत आहे. आज वापरणार आहे. बातमी आधी आईला सांगितली. ती म्हणाली, "बरं झालं. कोथिंबीर आणलीस?" मार्केट यार्डातून माणूस कोथिंबिरीशिवाय घरी येतो कसा, हेच तिला कळेना. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही निदान पूर्ण ऐकून घ्याल.

नुसतं कर्ज फिटलं म्हणून मी पत्र लिहिलं नसतं. पण आज शेठजींनी मला एक गोष्ट सांगितली. ती तुम्ही सांगायला हवी होती. अप्पा, का नाही सांगितलीत?

क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

वाघोलीच्या कॉलेजात माझं नाव घातलंत, तेव्हा बँकेचं शैक्षणिक कर्ज पुरेना. उरलेल्या पैशांसाठी तुम्ही गाळ्यावरून उचल घेतलीत. उचल म्हणजे पगारापोटी आगाऊ घेतलेले पैसे, एवढाच अर्थ मला तेव्हा कळत होता. कांदा-बटाट्याच्या आडतीवर तुम्ही दिवाणजी. दिवसभर शेतकऱ्यांच्या विकलेल्या मालाच्या हिशेबपट्ट्या लिहायच्या, महिनाअखेरीला पगारातून उचलीचे पैसे कापून घ्यायचे आणि दिवाळी आली की पुन्हा थोडी उचल घ्यायची. ती कधी संपतच नसे. मला त्याचा राग यायचा. एवढा हुशार माणूस, साधी वजाबाकी का पुरी करत नाही?

मग मला हिंजवडीत नोकरी लागली. कंपनीने जॉइनिंग बोनस दिला. मी तुम्हाला नीट समजावलं होतं, की हे पैसे कंपनी आधीच देते, पण दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत करावे लागतात. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात.

"म्हणजे उचलच की गं!"

"उचल नाही हो अप्पा. बोनस आहे."

"बरं. इंग्लिश मीडियमची उचल."

किती हसला होतात! आणि मी चिडले होते. विनोद तुमचा चांगला होता, हे आज कबूल करते.

त्या रविवारी तुम्हाला न सांगता मी गाळ्यावर आले. तुम्ही पट्टी लिहीत होतात. मी शेठजींसमोर सगळी उचल मोजून ठेवली. शेठजी म्हणाले, "दिवाणजी, लेकीनं सोडवलं की तुम्हाला!" तोलणार हसले, हमाल हसले, तुम्हीही हसलात. मला वाटलं, आयुष्यात यापेक्षा नेमकं काम मी केलेलं नाही.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही घरी बसलात. "कंटाळा आला," म्हणालात. मी विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं.

तुमच्या दहाव्याला गाळ्यावरचे तोलणारकाका आले होते. ते अगदी सहज बोलून गेले. "यार्डात उचल पुरी फेडली म्हणजे माणूस सोडून चालला, असंच धरत्यात ताई. तुम्ही पैसं मोजलं तवाच आमी म्हणलं, दिवाणजी चालले."

अप्पा, तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालले होते. तुमची नोकरी मी घालवली. बाकी ठेवून दिवाळीला पुन्हा उचल घेणं ही तिथली रीत होती. बाकी होती म्हणून तुमची गादी होती, आणि मी शहाणीने ती बाकी शून्यावर आणून ठेवली. पुढे तुमचं आजारपण निघालं, तेव्हा घरात एकच पगार होता, तो माझा. पर्सनल लोन काढलं, क्रेडिट कार्ड घासलं, दवाखान्यात शेठजींनी रोख आणून दिले, आणि तरी तुम्ही गेलात.

कुणाला बोलले नाही. बोलून काय होणार होतं? हप्ते तर भरायचेच होते.

ते कसे भरले, हे तुम्हाला आवडेल. सगळी कर्जं व्याजदराप्रमाणे लावली. सगळ्यात महाग ते आधी. पहिल्यांदा कार्ड मिटवलं आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने त्याचे तुकडे केले. आई म्हणाली, "धार जाईल ना तिची!" मग पर्सनल लोन, मग शैक्षणिक. शेठजींचे पैसे बिनव्याजी, म्हणून शेवटी. यावरून आई माझ्याशी भांडली. "व्याजवाला थांबायचे पैसे घेतो. बिनव्याजी देणारा फुकट थांबतो. त्याला आधी द्यावं," असं तिचं म्हणणं. गणिताने मी बरोबर होते. बाकी कशाने होते, ते नक्की सांगता येत नाही.

एका पगारात घर चालतं, अप्पा. फक्त त्या पगाराला आजारी पडायची परवानगी नसते. मंदीत आमच्या मजल्यावरची माणसं जायला लागली. मला काम नव्हतं, बेंचवर बसवलं होतं. तेव्हा मी रोज सगळ्यांच्या आधीच्या बसने जायची आणि रिकाम्या स्क्रीनकडे अतिशय कामात असल्यासारखी बघायची. टीममधली मंडळी गोव्याला निघाली की माझं पोट बिघडायचं. इतक्या वेळा बिघडलं, की एकीने मला वैद्यांचा पत्ता दिला.

स्थळंही येऊन गेली. कोथरूडच्या एका बाईंनी चहा पिता पिता विचारलं, "लग्नानंतर हप्ते सासरहून जाणार की माहेरहून?" आईने बशीतलं बिस्कीट उचलून परत डब्यात ठेवलं. त्यांच्या देखत! तुम्ही असायला हवे होतात.

असो. आज सकाळी मी शेठजींचे सगळे पैसे घेऊन गाळ्यावर गेले. रविवार, त्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रक, गोण्या, हाका, आणि तो कांद्याचा वास, जो तुमच्या शर्टाला यायचा. तुमच्या जागी आता कॉम्प्युटर आहे. शेठजी थकलेत, पण आवाज तोच.

"बस बाई. दिवाणजींची लेक ना तू? हिंजवडीवाली?"

मी पैसे पुढे ठेवले. त्यांनी मोजले आणि एक नोट माझ्याकडे सरकवली. "एवढी ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. बाकी असली की येणं-जाणं ऱ्हातं."

म्हणजे तीच रीत! मी म्हटलं, "नको काका. मागे मी तुमची उचल फेडली आणि अप्पांची नोकरी गेली." असं मी बोलले, अप्पा. सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्याने.

शेठजी गादीवरून अर्धे उठले. "गेली? कोण म्हणलं गेली? आगं, दुसऱ्या दिवशी मीच नोटा काढून तुझ्या बापापुढं ठेवल्या. म्हणलं, दिवाणजी, पोरीला रीत म्हाईत नाय, ही घ्या नवी उचल आन् बसा गादीवर. तर ह्यांनी नोटा परत ढकलल्या."

"का?"

"म्हणले, शेठ, पोरीनं मोकळं केलंय. आता परत बांधून घेत नाय. म्हणलं, मग उचल घेऊ नका, तसंच या कामाला. तर म्हणले, नगं. आता जरा हिंडतो."

जरा हिंडतो!

अप्पा, मी तिथे गोण्यांमध्ये उभी राहून हसायला लागले. शेठजींनी घाबरून पाणी मागवलं. मला ते महिने धडाधड आठवायला लागले. तुमचे ते महिने, ज्यांना मी आजवर बेकारी म्हणत आले. सकाळी मला कंपनीच्या बसपर्यंत सोडायला यायचात आणि घरी न जाता भलत्याच दिशेला वळायचात. एकदा संध्याकाळी सिंहगडाची माती लागलेल्या चपला दारात होत्या. आईला दुपारच्या नाटकाला घेऊन गेलात आणि दोघंही मध्यंतरात झोपलात, असं तीच सांगते. पीएमटी बसचा दिवसभराचा पास काढून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचात, चहा प्यायचात आणि परत यायचात. मला वाटायचं, बिचारे वेळ घालवताहेत. तुम्ही तर मजा करत होतात!

म्हणजे नोकरी गेली नव्हती. तुम्ही सोडली होतीत. स्वतः, शुद्धीत, समोर नोटा असताना. अहो, हे एका वाक्याचं काम होतं! मला सांगायला काय झालं होतं? की तुम्हाला वाटलं, मी लगेच तक्ता मांडून ते कसं परवडत नाही हे दाखवीन? दाखवलं असतं. हे मात्र खरं.

ती नोट मी शेठजींना परत दिली. म्हटलं, "येणं-जाणं ठेवीन काका. पण रोखीनं." पाच किलो कांदे विकत घेतले. त्यांनी वर मूठभर जास्त घातले, ते मात्र घेतले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? मला काय माहीत तुझ्या डोक्यात हे खूळ आहे! बोलतेस कुठे तू? बापासारखीच."

भाजीची जुडी बाजूला ठेवून तिने मान वर केली. "तेव्हा मी चिडले होते त्यांच्यावर. घरात आजारपण आलं तेव्हा तर फारच. पण हिंडले ते बरं झालं गं. नाहीतर कधी हिंडले असते?"

हा प्रश्न दिवसभर माझ्यासोबत आहे. तुम्ही गेल्याचं दुःख कमी झालेलं नाही, उगाच तसं लिहीत नाही. पण माझ्यामुळे गेलं ते नेमकं काय, याचं उत्तर आज बदललं. तुम्हाला काही महिने मिळाले, आणि त्यात माझाही थोडा हात होता. मला बसवत नाहीये, अप्पा. मघापासून दोनदा गच्चीत जाऊन आले. शेजारच्या काकू विचारताहेत, प्रमोशन झालं का!

आता तुम्हाला एक शब्द देते. नोकरी मी सोडणार नाही; तेवढी मी तुमच्यासारखी नाही. पण हप्ते सुरू झाल्यापासून मी एकही दिवस स्वतःसाठी सुट्टी घेतलेली नाही. सगळी रजा साठून पडली आहे. उद्या अर्ज टाकणार आहे, सलग पंधरा दिवसांचा. कुठे जायचं ते ठरवणार नाही. आईला घेऊन बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यावर उतरायचं, चहा प्यायचा. मॅनेजर कारण विचारणारच. आजारपण, लग्न, गावी जाणं, यातलं काहीही सांगणार नाही. सरळ सांगीन, वडिलांची रजा अर्धी राहिली होती, ती पुरी करायची आहे.

तुमची,
मीनल