माझ्या वाट्याचा रोट, सूनबाईचं रक्त

१७ ऑगस्ट ९९, मंगळ.
सूनबाईबरोबर दवाखान्यात. सुरेशला लूमच्या कारखान्यातून सुटी नाही, म्हणून मी गेलो. निर्मलाचं वजन पुन्हा वाढलेलं, साखर तर विचारू नये. इन्सुलिन अजून वाढवलं. मग डॉ.नी मुंबईच्या ऑपरेशनचा विषय काढला. जठर लहान करतात, आतडं वळवून जोडतात. वजन तर उतरतंच, पुष्कळांची साखरही जाते, सुई सुटते. पुष्कळांची. सगळ्यांची नाही. कोणाची सुटेल याचा अंदाज रक्तावरून. त्या तपासणीचं नाव सी-पेप्टाइड.
मी बावळटासारखा बघत राहिलो तर डॉ. म्हणाले, "काका, दरजीनी दुकान बहार चींधी जोई छे ने?" शिंप्याच्या दाराशी चिंध्या दिसल्या की आत शिवण चालू आहे हे समजावं. शरीर स्वतःचं इन्सुलिन करतं तेव्हा हा तुकडा सुटून रक्तात येतो. टोचलेल्या इन्सुलिनचा येत नाही. चिंध्या भरपूर असल्या तर आशा. नसल्या तर मुंबईवाले घेणार नाहीत, पोट कापूनही सुई राहायचीच.
रिक्षात निर्मला एवढंच म्हणाली, "माले सुई नको आते, नाना."
पोट कापणार. हा शब्द डोक्यातून जात नाही.

२० ऑग., शुक्र.
मन थाऱ्यावर नाही. असं झालं की मी शाळेतली कविता म्हणतो, तापीकाठच्या त्या कौलारू वर्गातली. गुरुजी रूळ टेबलावर आपटून ताल धरायचे, आम्ही चाळीस पोरं एका सुरात. खिडकीतून नदी दिसायची. तेच पाणी इथवर येतं, सुरतेला. आम्हीही त्याच्यामागून आलो म्हणायचं.
तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ आठवेना. नात रूपाली दप्तर भरता भरता ओरडली, "नाना, अटकी गया! पाछुं पहेलेथी!"
पहिल्यापासून सुरू केलं. तिथंच अडलो.

२२ ऑग., रवि.
आमची खानदेशची देवी, कानबाई, घरात बसली. नारळाला नथ, डोळे, हिरवा खण. काय रूप! उधन्याहून, कोसाडहून भाऊबंद आले, बमरोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. प्रसादाची जाड पोळी म्हणजे रोट, त्याचे गहू घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. माझ्या नावाची मूठ अजून धरतात. दात नाहीत, पण मूठ आहे.
निर्मलाचं रक्त उद्या सकाळी. आज रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. दुसरा दिवस मागितला होता, पण रक्ताच्या नळ्या मुंबईला नेणारा बर्फाचा डबा सोमवारीच निघतो.

२३ ऑग., सोम.
हे लिहावं की न लिहावं.
सकाळी विसर्जनाची घाई. आमच्याकडे आई निघायच्या आत रोट संपलाच पाहिजे. परक्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही. माझ्या ताटात दीड रोट तसाच. खिरीत भिजवला तरी गिळवेना. बाकीचे सगळे अंगणात, टाळ सुरू झालेले. निर्मला आत आली, ताट पाहिलं.
"ऱ्हाऊ द्या नाना, मी खाई लेस."
"अगं, रक्त द्यायचंय..."
"मायना रोट शे. त्याघाई काय होस?"
उभ्यानंच खाल्ला. पदराला तोंड पुसून आईच्या मागे निघाली. तासाभरानं आम्ही दवाखान्यात. कंपाउंडरनं विचारलं, "भूखे पेट?" तिनं हो म्हणून मान हलवली. मी भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत बसलो.

३० ऑग., सोम.
रिपोर्ट आला. डॉ. खूश. "बहु सरस, बेन! मुंबई कागळ लखी दउं." मुंबईला पत्र लिहितो म्हणाले. चिंध्या भरपूर. सुरेशनं पेढे आणले. निर्मला हसून म्हणाली, "आन्ले कोनासाठे? माले तं चालत नहीत!" किती दिवसांनी असं खळखळून हसली.
मी निघताना मागे रेंगाळून डॉ.ना सहज विचारल्यासारखं विचारलं, कोणी खाऊन रक्त दिलं तर?
"खाल्लं की शिंपी जोरात शिवणारच, काका. मग त्या चिंध्यांचा काय भरवसा?"
म्हणजे त्या चिंध्या माझ्या रोटाच्या. सगळ्या नसतील. पण किती तिच्या, किती रोटाच्या...

३१ ऑग., मंगळ.
सांगितलं तर तिचं ऑपरेशन हुकेल. नाही सांगितलं तर उगाच कापतील, सुई राहीलच. आणि खरं लिहायचं तर ती मुळीच कापली जाऊ नये असं मला वाटतं. मग मी सांगणार ते तिच्या भल्यासाठी, की माझ्या भीतीपायी?
सुरेशला विचारावं तर तो आनंदात. बॅग कुठली न्यायची हे बघतोय.
कविताही आठवत नाही.

२ सप्टें., गुरु.
दुपारी बोललो. निर्मला दारात बसून साडीला टिकल्या चिकटवत होती. डॉ. काय म्हणाले ते सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.
"माले ठाऊक शे, नाना."
"मग बोलली का नाहीस?"
"इतल्या वर्षांत पहिल्यांदा कागद माझ्या बाजूनं बोलला. वाटलं, चार दिवस ऱ्हाऊ दे घरात."
तिनं शेवटची टिकली लावली, साडी झटकली. "सोमवारी जाऊ. चला तुम्ही बी. पर सांगसू मीच."

६ सप्टें., सोम.
खरोखर उपाशी गेली. तिनंच सांगितलं. डॉ. आधी भडकले. कोण ही कानबाई, आम्हाला विचारायचं तरी! निर्मला म्हणाली, "साहेब, तुम्हालाच दिला असता रोट, पण भाऊबंदांबाहेर चालत नाही." डॉ.ना हसू आवरेना. मग गंभीर झाले. या वेळी आकडा खाली येईल, बेन. किती खाली, ते आल्यावर. मुंबईचं पत्र तोवर थांबवतो.
बर्फाच्या डब्यात नळी गेली.
घरी आल्यावर कानबाईच्या रिकाम्या पाटासमोर हात जोडले. काय मागायचं तेच ठरेना. चिंध्या निघू देत म्हणावं तर ऑपरेशनचं टेबल दिसतं, त्यावर ती झोपलेली. नको निघू देत म्हणावं तर रोज सकाळी सुईआधी ती डोळे मिटते, ते दिसतं. नुसतेच जोडले.
मागून निर्मला म्हणाली, "पुढच्या वर्षी तुमच्या वाट्याचे गहू माझ्या मुठीनं घेईन, नाना. माझी लहान शे. संपवाल तरी."
पुढच्या वर्षी, म्हणाली. ते तेवढं लिहून ठेवतो.